परतबाई आणि घरचा परीक्षक

परतबाई हे नाव त्यांना कुणी ठेवलं ते आता सांगता येणार नाही. ज्याचा लेख पहिल्यांदा परत आला त्यानेच ठेवलं असणार, आणि असे लोक इतके आहेत की चौकशी करण्यात अर्थ नाही. तोंडावर सगळे त्यांना मॅडम म्हणत आणि पाठ फिरली की परतबाई. बाईंना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की मी परत पाठवते ते तरी वाचून पाठवते. लिहिणाऱ्यांतले कितीजण वाचून पाठवतात ते विचारा.

बाई एका त्रैमासिकाच्या संपादक होत्या. त्रैमासिक म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांसमोर कथा, कविता आणि मुखपृष्ठावरची हसरी नटी येते, त्यांची इथे घोर निराशा व्हायची. हे त्रैमासिक गाळाचं होतं. नद्यांतला, तलावांतला, धरणांतला गाळ कुठून येतो, किती येतो आणि कुठे जाऊन बसतो, एवढाच त्याचा विषय. मुखपृष्ठ करड्या रंगाचं, आतली चित्रंही करडी. वाचक मूठभर होते, पण जे होते ते भिंग घेऊनच बसलेले. एखाद्या तक्त्यात बेरीज चुकली की अंक पोचल्याच्या दिवशी फोन यायचा.

बाई विद्यापीठात हाच विषय शिकवत. संपादकपद वरकामाचं. मानधन म्हणाल तर त्यातलं धन कधीच गळून गेलं होतं, नुसता मान उरला होता, आणि तोही छापून येणाऱ्यांकडूनच मिळायचा. कार्यालय म्हणजे विभागाच्या इमारतीतली जिन्याखालची खोली. तिरक्या छतामुळे उंच माणसाला कपाटाकडे वाकूनच जावं लागे. खोलीत दोन टेबलं. एक बाईंचं आणि दुसरं तात्यांचं. तात्या म्हणजे कार्यालयाचे सहायक. लेख नोंदवणं, पत्रं पाठवणं, परीक्षकांच्या मागे लागणं आणि चहा कुणी किती वेळा मागितला यावर लक्ष ठेवणं ही त्यांची कामं.

या त्रैमासिकाची एक जुनी रीत होती. लेख कुणाचा आहे हे परीक्षकाला कळू द्यायचं नाही, हे तर बहुतेक ठिकाणी असतं. इथे ते संपादकालाही कळत नसे. लेख आला की तात्या नावांचं पहिलं पान काढून स्वतःच्या कपाटात ठेवत, लेखावर क्रमांक घालत आणि मगच तो बाईंच्या टेबलावर येई. बाई तो वाचत, विषय पाहून दोन परीक्षक ठरवत. मग तात्या कपाट उघडून बघत, की ठरवलेला परीक्षक लेखकांपैकीच तर नाही ना. नसला की लेख रवाना. "आंधळ्यानं न्याय करायचा आणि डोळसानं कपाट सांभाळायचं," असं तात्या म्हणत, आणि डोळस कोण हे सांगायला छातीवर हात ठेवत.

पुढचं सगळं चिकाटीचं काम. परीक्षक हा मोठा लहरी प्राणी. 'दोन आठवड्यांत अभिप्राय देतो' असं तो लिहितो तेव्हा कोणते दोन आठवडे हे लिहीत नाही. एका गृहस्थांचा संगणक तर आठवणीचं पत्र गेलं की नेमका त्याच दिवशी बिघडे. बाई कुणावर चिडत नसत. परीक्षकाचा एक शब्दही त्या बदलत नसत, तो कितीही तिखट असो. पण लेख परत करताना सोबतच्या पत्रात स्वतःच्या चार ओळी मात्र लिहीत. यातलं हे चांगलं आहे, हे नव्यानं करा, हे सोडून द्या. त्या चार ओळींसाठी बाई कधी कधी अख्खी दुपार घालवत. म्हणून तर परत गेलेली माणसं शिव्या देत का होईना, पुन्हा यायची.

बाईंचे यजमान दातांचे डॉक्टर. त्यांची तक्रार अशी, की लोक माझ्या खुर्चीत बसतात आणि हिच्याबद्दल बोलतात. "परवा एकाची दाढ काढायला घेतली. भूल चढेपर्यंत म्हणतो कसा, तुमच्या मिसेसनी माझा लेख परत पाठवला, त्याच्यापुढे हे काहीच नाही."

आता घरातल्या तिसऱ्या माणसाकडे येऊ, कारण गोष्ट खरी त्यांचीच आहे. मामंजी, म्हणजे बाईंचे सासरे. वय वर्षं एकोणऐंशी. गाळाच्या शास्त्रात मामंजींचं नाव निघालं की माणसं सावरून बसत. बाई सून म्हणून घरात आल्या त्याच्या आधीपासून ते त्रैमासिकाचे परीक्षक होते आणि बाई संपादक झाल्या तरी ते राहिले. यावरून चार लोक बोलणार हे ओळखून मामंजींनीच पहिल्या दिवशी नियम घातला होता. "सूनबाई, त्रैमासिक उंबऱ्याच्या बाहेर. घरात तू मला लेखाबद्दल विचारायचं नाहीस, मी तुला सांगायचं नाही."

नियम म्हणजे नियम. बाई कार्यालयातून लेख टपालाने पाठवत, तो त्यांच्याच घरी येई, आणि बरेचदा सही करून तो पोस्टमनकडून त्याच घेत. पाकीट त्या मामंजींच्या टेबलावर ठेवत आणि जणू ते आकाशातून पडलंय अशा चेहऱ्याने बाहेर येत. अभिप्राय लिहून झाला की मामंजी बूट घालून टपाल कचेरीत चालत जात आणि सुनेच्या नावाने तो रवाना करत. यजमान म्हणत, "अहो बाबा, समोर बसलीये ती. हात लांब केला तरी पोचेल." मामंजी त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघत, ती नजर तीन पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी अनुभवली होती.

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बरोबरीचे मित्र एकेक करून गेले, जे राहिले त्यांना ऐकू येईना. मामंजींचे दिवस एकमेकांसारखे जायचे. पाकीट आलं की मात्र घराला जाग यायची. त्या दिवशी मामंजी दाढी करत, इस्त्रीचा सदरा घालत, पेन्सिलींना टोक काढत आणि खोलीचं दार लोटून घेत. जेवायला हाका माराव्या लागत. "लेख आला की बाबांना औषधं आपोआप आठवतात," असं यजमान म्हणत, आणि हे ते थट्टेनं म्हणत नसत.

असाच एक लेख आला. एका तलावातला गाळ, त्याचे नमुने, तक्ते, आलेख. तात्यांनी क्रमांक घातला. बाईंनी वाचला आणि परीक्षक म्हणून एक दूरचे प्राध्यापक आणि दुसरे मामंजी असे ठरवले, कारण या तलावांबद्दल त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तात्यांनी कपाट उघडून बघितलं. लेखकांची नावं दोन, त्यांत मामंजी नाहीत. लेख रवाना झाला.

दूरच्या प्राध्यापकांचा अभिप्राय थंड होता. बरा आहे, किरकोळ दुरुस्त्या करून छापावा. मामंजींचा आला तो मात्र नेहमीच्या झणझणीत हाताचा. 'नमुने एका ऋतूत घेतले आहेत आणि निष्कर्ष वर्षभराचे काढले आहेत. तक्ता दोन आणि आलेख तीन यांचा एकमेकांशी परिचय नसावा. ज्यांनी नमुने घेतले त्यांचे कष्ट दिसतात. ज्यांनी त्यांना मार्गदर्शन करायचे त्यांचे कोठेच दिसत नाहीत. लेख पाठवण्यापूर्वी लेखकांनी तो स्वतः वाचण्याची कृपा करावी. निदान एकाने तरी. नाकारावा.'

बाई वाचून मनापासून हसल्या. म्हातारा अजून तलवारीसारखा आहे, असं त्यांना वाटलं, आणि अभिमानही वाटला. त्यांनी अभिप्राय तात्यांकडे दिला आणि लेखकांना पत्र करायला सांगितलं.

पत्र करायला तात्यांनी कपाटातून नावांचं पान काढलं आणि ते बराच वेळ कपाटापाशीच वाकून उभे राहिले.

"तात्या, कंबर धरली का?"

"नाही मॅडम. कंबर ठीक आहे." ते पान घेऊन आले. "हे बघा. म्हणजे तुम्ही बघायचं नसतं, पण आता बघाच."

पानावर दोन नावं छापलेली होती. एक संशोधन करणारी मुलगी, दुसरे तिचे मार्गदर्शक, म्हणजे मामंजींचे पट्टशिष्य. त्याखाली तिसरं नाव तात्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मामंजींचं.

झालं होतं असं. लेख परीक्षणाला गेल्यावर पट्टशिष्याचं पत्र आलं, की एक नाव घालायचं राहून गेलं, कृपया घालावं. सोबत रीतसर संमतीपत्र होतं, 'मी हा लेख वाचला असून तो मला मान्य आहे', खाली मामंजींची सही. तात्यांनी नाव घातलं, कागद लावला आणि कपाट बंद केलं. परीक्षक कोण हे पुन्हा तपासायचं असतं, हे त्या दिवशी त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

पहिल्यांदा दोघांनाही हसू फुटलं. तात्या तर खुर्चीचा हात धरून हसले. "म्हणजे मॅडम, स्वतःचाच लेख नाकारला! आणि वर लेखकांनी तो वाचावा म्हणतायत!"

मग बाईंचं हसू थांबलं. सहीचा अर्थ त्यांच्या लक्षात आला. मामंजींनी सही करताना लेख वाचलाच नव्हता. वाचला असता तर परीक्षणाला आलेला लेख तोच, हे ओळखलं असतं.

"मॅडम, हा अभिप्राय बाद करू," तात्या हळूच म्हणाले. "तसाही तो बादच. तिसऱ्या कुणाकडे पाठवू. कुणाला काय कळतंय? चूक माझी आहे, मी गप्प बसेन."

अभिप्राय बाद करायचा हे खरंच होतं. घरच्या माणसाचा लेख म्हटल्यावर निर्णय बाईंनी घ्यायचा नाही, हेही खरं; त्यांनी तो त्याच दिवशी सहसंपादकांकडे सोपवला. पण नियमावलीत आणखी एक कलम होतं. परीक्षक मंडळातल्या माणसाने न वाचता लेखाला नाव दिलं, तर त्याला पाच वर्षं मंडळातून बाहेर ठेवायचं. गेल्याच वर्षी बाईंनी एका बऱ्या माणसाला याच कलमाखाली घरी बसवलं होतं. सहसंपादकांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लेखाचं मी बघतो. सरांचं तुम्ही बघा. मला त्यांची अजून भीती वाटते."

पाच वर्षं. एकोणऐंशीच्या माणसाकडून त्याचं पाकीट काढून घ्यायचं. बाई जिन्याखालच्या खोलीत बसून राहिल्या. वरून मुलं धाडधाड उतरत होती. बाईंना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की हे काम दुसऱ्या कुणाकडे असतं तर बरं झालं असतं.

घरात विचारायची सोय नव्हती. म्हणून त्यांनी तिन्ही लेखकांना रीतसर पत्र धाडलं: अमुक शीर्षकाच्या लेखात आपले नेमके योगदान काय, ते प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत कळवावे. एक पत्र अर्थातच त्यांच्याच दारात आलं. पोस्टमन म्हणाला, "काकू, तुमचंच तुम्हाला." बाईंनी ते मामंजींच्या टेबलावर ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच डबे पुसायला घेतले.

मामंजींनी दाढी केली, सदरा घातला, पाकीट फोडलं. आणि जेवायला हाक मारायच्या आतच खोलीबाहेर आले. जेवताना यजमानांनी दवाखान्यातला एक किस्सा सांगितला, तो संपायच्या आत मामंजी ताटावरून उठले. संध्याकाळी त्यांनी पट्टशिष्याला फोन लावला. बाई मुद्दाम गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या, पण मामंजींचा आवाज वर्ग घेऊन घेऊन तयार झालेला, तो भिंतीला कसली दाद देतो.

"तू त्या दिवशी आलास, चहा प्यायलास, आणि म्हणालास सर इथे सही करा. माझा चष्मा आतल्या खोलीत होता. चष्म्याखाली काय होतं माहितीये? तोच लेख! … नाही, तू आदरानं नाव घातलंस हे कळलं मला. आणि मी आनंदानं घालू दिलं. मूर्ख तू एकटा नाहीस."

मग दोन दिवस मामंजी वर्तमानपत्रातल्या बेरजा तपासत बसले. तिसऱ्या दिवशी बूट घालून टपाल कचेरीत गेले. बाईंना जिन्याखालच्या खोलीत उत्तर मिळालं: 'प्रस्तुत लेखात माझे योगदान: परीक्षण. ते आपल्या कार्यालयास यापूर्वीच पोचले आहे. लेखक म्हणून माझे नाव कमी करावे.' तात्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी दोनदा मोठ्यानं वाचलं. बाईंना मात्र मंडळाचं काय करायचं हे अजून ठरवता येत नव्हतं. उद्या लिहू, परवा लिहू, असं चाललं होतं. लोकांना घड्याळ दाखवणाऱ्या बाई स्वतःच तारखा पुढे ढकलत होत्या.

आणि एका सकाळी तात्यांनी दारातून मान आत घातली. "मॅडम, भेटायला आलेत. वेळ घेतली नाहीये म्हणून बाहेर स्टुलावर बसलेत. मी आत चला म्हटलं तर मलाच रागावले."

मामंजी तिरक्या छताखाली वाकून आत आले. सकाळीच दोघांनी एका टेबलावर चहा घेतला होता. आता ते समोर उभे राहून म्हणाले, "संपादकबाई, बसू का?"

"बसा ना, मामं… बसा."

"माझं पत्र पोचलं?"

"पोचलं. तुमचं नाव कमी केलंय. लेख दुसऱ्यांकडे दिलाय, तो निर्णय माझ्याकडे नाही."

"ठीक. निर्णय त्यांचा. पण एवढं सांगतो, त्या मुलीनं काम कष्टानं केलंय. वर्षभराचे नमुने घेतले तर लेख उत्तम होईल. हे तिला मी सांगू शकत नाही. तुम्ही सांगाल?"

"सहसंपादकांना सांगते लिहायला. चार ओळी."

"छान." मामंजींनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर ठेवला आणि बाईंकडे नीट बघितलं. "आता माझं. मंडळाचं काय केलंत?"

बाईंनी टेबलावरचा कागद उगाच सरळ केला. "नाही केलं अजून काही. बघू म्हटलं. तुमची बाजूही ऐकून घ्यावी…"

"माझी बाजू? चष्मा आत होता, ही? चष्मा आणायला चार पावलं लागतात. शिष्यानं माझं नाव घातलं आणि मला बरं वाटलं, एवढीच बाजू आहे माझी. बऱ्याच दिवसांत कुणी घातलं नव्हतं." ते पुढे झुकले. "दुसरा कुणी असता तर काय केलं असतंत?"

"पाच वर्षं बाहेर."

"मग विचारताय काय? लोकांनी आजवर तुम्हाला काय काय नावं ठेवली असतील, पण सासऱ्याला सांभाळलं असं कुणी म्हणालं नाही. ते माझ्यामुळे म्हणायला नको."

तात्या दारात उभे होते. त्यांना आत यावं की बाहेर जावं हे सुचत नव्हतं. बाईंनी परीक्षकांची यादी पुढे घेतली, मामंजींच्या नावापाशी पेन टेकवलं आणि त्यांना पुढचं काही दिसेना. डोळे भरून आले होते. इतक्या माणसांना त्यांनी परत पाठवलं, कधी पेन अडलं नाही. हा माणूस उद्या सकाळी उठून काय करणार, या एकाच विचाराने ते अडलं होतं.

मामंजींनी यादी हलकेच स्वतःकडे ओढली, चष्मा सारखा केला, आपलं नाव वाचलं, नाव आपलंच आहे याची खात्री केली, आणि रेघ सरळ यावी म्हणून बाईंची पट्टी तिच्याखाली धरली.

"मार," ते म्हणाले.

बाईंनी रेघ मारली.

"शेजारी तारीख लिही. पाच वर्षांनंतरची."

बाईंनी लिहिली. अंक जरा वाकडे आले. मामंजींनी ते तपासले आणि मान हलवली.

"त्या दिवशी पहिला लेख मला पाठवायचा. आणि सूनबाई, म्हातारा म्हणून सोपा नको देऊस."

"मामंजी, त्या दिवशी तुम्ही…" बाईंनी तारखेवर बोट ठेवलं.

"ते माझ्याकडे लागलं," मामंजी उठता उठता म्हणाले. "तू तुझी तारीख चुकवू नकोस."